तबकडीवरची नावे



चालकांनी आम्हांला नेमून दिलेला विषय ‘अलीकडची शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणे व त्यांतील पारितोषिकास योग्य अशी’ हा आहे. पत्रिकेवर तो वाचून आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारले, “अहो, बोनसवर बोलायचं सोडून तुम्ही बागेश्रीवर कुठं घसरलात?” प्रश्न रास्त आहे. आम्ही गवई नव्हे, समीक्षक तर नव्हेच. शाळा आठवीत सुटली. पुढचे आमचे शिक्षण औद्योगिक विवाद कायद्याच्या पुस्तकाने आणि नगरवाचनालयाने केले, आणि गाण्याचे शिक्षण आकाशवाणीने व उसन्या कॅसेटींनी. पण कामगार चळवळीत तीस वर्षे काढल्यावर माणसाला एक खोड लागते. कोणतीही वस्तू समोर आली की ती कोणी केली, किती वेळात केली, आणि तिचे पैसे कोणाच्या हाती गेले, हे तो विचारतो. ध्वनिमुद्रिका ही अखेर वस्तूच आहे. तेव्हा सूर-तालाचा निवाडा जाणकारांवर सोपवून, आम्ही आमच्या खोडीच्या वाटेने या विषयात शिरणार आहो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की आपल्याकडे मान कलावंताला मिळतो, ध्वनिमुद्रणाला सहसा मिळत नाही. संगीत नाटक अकादमी गायकाला गौरवते, वादकाला गौरवते. पद्म पुरस्कारांचेही तेच. जानेवारी २०२६ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, जव्हार तालुक्यातल्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपण सर्वांनी आनंद मानला. आनंद मानण्यासारखीच ती गोष्ट होती. पण त्यांच्या वादनाचे कोणते मुद्रण चांगले, कोणते जपून ठेवावे, कोणत्या मुद्रणात भोपळ्यातला तो खर्ज नीट उमटला आहे, हा प्रश्न त्या आठवड्यात कोणी कोणाला विचारलेला आमच्या तरी कानांवर आला नाही. माणसाचा सत्कार झाला; त्याचा आवाज मात्र ज्याच्या त्याच्या खिशातल्या फोनमध्ये पडून राहिला.

याला एक ठळक अपवाद आहे, तो चित्रपटांच्या राष्ट्रीय पुरस्कारांचा. तिथे ध्वनीच्या कामाला स्वतंत्र पारितोषिक असते, आणि ते काम करणाऱ्याच्या नावाने दिले जाते. जुलै २०२२ मध्ये जे पुरस्कार जाहीर झाले त्यांत ‘मी वसंतराव’ या मराठी चित्रपटाच्या ध्वनिरचनेसाठी अनमोल भावे यांना आणि गायनासाठी राहुल देशपांडे यांना पुरस्कार मिळाले. एका गाण्याच्या चित्रपटात गाणारा आणि ते गाणे आपल्या कानांपर्यंत पोचविणारा, दोघांनाही मान मिळाला. आम्हांला हे फार आवडले. पण त्याच यादीत एक गंमतही झाली. चित्रीकरणाच्या जागीच केलेल्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार ‘डोळ्ळू’ या कन्नड चित्रपटाला मिळाला, आणि त्या चित्रपटाचे ध्वनिरचनाकार नितीन लुकोस यांनीच जाहीरपणे सांगितले की त्याचा आवाज मागाहून स्टुडिओत भरलेला आहे. परीक्षक काय ऐकत होते कोण जाणे! पारितोषिक देणाऱ्यांनी आधी ऐकावयास शिकले पाहिजे, एवढे त्यावरून कळते. ते कसे शिकावे, हाच आजचा आमचा विषय.

आता थोडे मागे जाऊ. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग नावाच्या ग्रामोफोन कंपनीच्या माणसाने कलकत्त्याला गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. भल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि तीन मिनिटांच्या आत राग संपवावा लागे. गाणे संपता संपता बाई इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारीत. पुष्कळांना तो त्यांचा तोरा वाटतो. खरी गोष्ट अशी की मेणाचे ते मूळ साचे तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तिथल्या कामगाराला कोणता आवाज कोणाचा हे कळून बरोबर लेबल चिकटविता यावे म्हणून नाव मुद्रणातच पुकारण्याची रीत होती. म्हणजे ते नाव श्रोत्यासाठी नव्हते, कारखान्यातल्या पाळीवरच्या माणसासाठी होते! आम्हांला या गोष्टीचे मोठे अप्रूप वाटते. ती तबकडी ज्या लाखेची बने ती लाख आपल्याच छोटा नागपूरच्या रानातली. झाडावरून ती खरवडून काढणारे आदिवासी, हॅनोव्हरचा तो छापणारा, आणि कर्ण्यापुढची गायिका अशी ही साखळी. त्यांत नाव राहिले ते एकीचे, आणि तेही तिने स्वतः पुकारले म्हणून.

मग तबलजीचे काय? सारंगियाचे काय? कर्ण्याच्या त्या जमान्यात त्यांना मागे, दूर बसवीत, कारण तबल्याची थाप जवळून पडली तर मेणावरची सुई उडे. तंबोरा तर बहुधा ऐकूच येत नसे. जो ऐकू येत नाही त्याचे नाव कशाला छापायचे, असा हिशेब झाला असावा. आणि पुढे मायक्रोफोन आला, साथ स्वच्छ ऐकू येऊ लागली, तरी लेबलावरचा रिवाज पुष्कळ काळ तसाच राहिला. गायकांचीही नावे नेहमी धड छापली जात असे नाही. गंगूबाई हनगल यांच्या पहिल्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या.

याचे सर्वांत मोठे उदाहरण पृथ्वीवर नाही, आकाशात आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली आणि त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसविली. तिच्यावर साऱ्या जगातून निवडलेल्या संगीताचे २७ तुकडे आहेत. कार्ल सेगन यांच्या समितीने ही निवड केली. याहून मोठे पारितोषिक कोणत्या ध्वनिमुद्रणाला मिळणार? त्या २७ मध्ये हिंदुस्थानी संगीताचा तुकडा एकच, आणि तो आपल्या केसरबाई केरकरांचा : भैरवीतली ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. गोव्याच्या केरी गावात १८९२ साली जन्मलेली ही बाई, अल्लादिया खाँसाहेबांची शिष्या, ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत भलतीच चोखंदळ. व्हॉयेजर-एक ५ सप्टेंबर १९७७ ला उडाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ते यान आज आपल्यापासून अडीच हजार कोटी किलोमीटरांच्या आसपास आहे.

आता त्या तबकडीच्या संगीताची अधिकृत यादी पाहा. बाखच्या तुकड्यापुढे म्युनिकच्या वाद्यवृंदाचे नाव आहे, संचालकाचे आहे. लुई आर्मस्ट्राँगच्या पुढे त्याच्या सात जणांच्या ताफ्याचा उल्लेख आहे. केसरबाईंच्या पुढे फक्त केसरबाई. मागे तबला वाजतो आहे, तो ऐकू येतो आहे, सूर्यमालेच्या बाहेर जाऊन पोचला आहे. पण वाजविणाऱ्याला नाव नाही. आफ्रिकेचे तर विचारूच नका. सेनेगालच्या ढोलांपुढे ते मुद्रित करणाऱ्या युरोपियन गृहस्थांचे नाव आहे, ढोल वाजविणाऱ्यांचे नाही. झाईरच्या मुलींच्या गाण्याचेही तसेच. आम्ही सेगनसाहेबांना दोष देत नाही. त्यांच्या हाती आलेल्या तबकडीवर नाव असते तर त्यांनी ते घातले असते, असे आम्ही धरून चालतो. नाव ज्याने मुळात गाळले तो मुकादम फार आधीचा.

आमच्या धंद्यात याला हजेरीपटावर नाव नसणे म्हणतात. तारापूरच्या वसाहतीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ज्याचे नाव पटावर नाही त्याने काम केलेच नाही, असे कागद म्हणतो. आणि दावा उभा राहतो तो कागदावर. ही उपमा आम्ही गाण्यावर ओढून ताणून बसवीत नाही, कारण कायद्यानेही नेमके असेच घडले होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणे रचणाऱ्याला हक्क होता, तबकडी काढणाऱ्या कंपनीला हक्क होता. गाणाऱ्याला व वाजविणाऱ्याला मात्र काही नव्हते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात संगीताच्या हक्कांचा एक खटला आला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला वेगळी पुस्ती जोडून हे वैगुण्य दाखविले. कायद्याच्या लेखी संगीत म्हणजे कागदावरची स्वरलिपी, आणि गळ्यातून जे प्रत्यक्ष उमटते त्याला रक्षणच नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ रुंद करणारा निकाल लिहिणारे हेच ते कृष्ण अय्यर. आमच्या कचेरीत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. तबलजींच्या घरीही घेतले जावे.

१९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा हक्क कायद्यात आला. २०१२ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी आणखी आल्या. व्यापारी वापर झाल्यास कलाकाराला मानधनाचा वाटा, आणि ‘हे सादरीकरण माझे आहे’ असे आपल्या नावानिशी म्हणवून घेण्याचा हक्क. आणि ‘कलाकार’ या शब्दाच्या व्याख्येत गायकाबरोबर वादकही आहे. म्हणजे साथीदाराचे नाव छापणे हा काही कंपनीचा मनाचा मोठेपणा राहिलेला नाही. तरीही आज फोनवर एखादा ख्याल लावा आणि संवादिनीवर कोण आहे ते शोधा पाहू! गायकाचे नाव, कंपनीचे नाव, आणि सूर्यास्ताचे एक चित्र. पुष्कळदा रागाचे नावही चुकीचे.

नावाचा प्रश्न इतका लांबविला, कारण पारितोषिक म्हटले की आमची पहिली चाळणी हीच आहे. आता वेळाचा प्रश्न.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीत तीन मिनिटे मावत. त्यामुळे गाण्याचे नुकसान झाले असे सरसकट म्हणतात, ते आम्हांला अर्धेच पटते. अब्दुल करीम खाँसाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस, १९३७ च्या आधीच्या दोन-तीन वर्षांत दिलेल्या तबकड्या ऐका. झिंझोटीतली ती प्रसिद्ध ठुमरी तीन मिनिटांचीच आहे आणि तिला काही कमी आहे असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. अडचणीतून त्यांनी एक स्वतंत्र प्रकार घडविला. पण विलंबित ख्याल मात्र त्या तबकडीत मावत नव्हता. मग लाँग प्ले आली, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे मिळू लागली, आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’सारखी रचना शक्य झाली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. हे चौथे नाव आम्ही मुद्दाम घेतो. मग कॅसेट आली, एका बाजूला तीस मिनिटे. आमच्यासारख्यांच्या घरात रागदारी शिरली ती कॅसेटीतून. मग सीडी.

आणि आता? आता फोन. वेळाला मर्यादाच नाही, तासाचा मारवा टाका, कोण अडवतो? पण मजुरी पाहा कशी ठरते. स्पॉटिफाय नावाची कंपनी एखादे मुद्रण तीस सेकंद ऐकले गेले की एक वेळ मोजते. तीस सेकंदांनंतर तुम्ही बंद करा किंवा पन्नास मिनिटे ऐका, मोजणी एकच. २०२४ पासून त्यांनी आणखी एक नियम केला : मागील बारा महिन्यांत हजार वेळा जे ऐकले गेले नाही त्याला छदामही नाही. आमच्या भागात पॅकिंगला बसणाऱ्या बायका या पद्धतीला नगावरची मजुरी म्हणतात, आणि किमान नग भरले नाहीत तर दिवस फुकट जाणे म्हणजे काय हेही त्यांना ठाऊक आहे. नगावर मजुरी ठेवली की नग लहान होतो, हा कारखान्यातला साधा नियम. पन्नास मिनिटांचा राग एका तुकड्यात ठेवला तर एक नग; त्याचे दहा तुकडे केले तर दहा. मग आलाप वेगळा, बंदिश वेगळी, द्रुत वेगळे, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीलाच काहीतरी चमकदार, म्हणजे तीस सेकंद पुरे होतात. सव्वाशे वर्षांनी आपण तीन मिनिटांवर परत आलो, आणि या वेळी मेणाची अडचणही नाही.

याचा फटका कोणाला बसतो? नामांकित गवयाला नाही. तो मैफलीवर जगतो. फटका बसतो तो बोईसरला एका खोलीत राहून, पहाटेच्या गाडीने मुंबईला गुरूकडे जाणाऱ्या पोराला. त्याने स्वतःच्या खर्चाने, स्टुडिओचे तासाचे भाडे भरून, एक राग मुद्रित केला, चारशे लोकांनी तो मन लावून पुरा ऐकला, तरी हिशेबात शून्य. अशी दोन मुले आम्हांला ठाऊक आहेत. एक आता औषधाच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्याचे वाईट चालले आहे असे नाही. पण त्याच्या हाताला तबल्याची सवय होती.

यावर उपाय म्हणून कलावंतांनी स्वतः दुकान काढल्याचे एक उदाहरण आपल्याकडे आहे. गायिका शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी २००३ साली ‘अंडरस्कोर रेकॉर्ड्स’ ही संस्था काढली. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता कलावंताने आपले मुद्रण आपण विकावे, ही तिच्यामागची कल्पना. आम्हांला यात सहकाराचा वास येतो आणि तो आवडतो. जगभरच्या बाजारापुढे अशा दुकानाचा किती टिकाव लागणार हा प्रश्न उरतोच. पण पतपेढ्याही अशाच सुरू झाल्या होत्या.

तिसरा प्रश्न कानाचा. इथे आमच्या गावची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या कचेरीत अधूनमधून रविवारी दुपारी गाणे ऐकतात. सभासदांपैकी आठ-दहा माणसे येतात. त्यांत एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत. वीस वर्षे प्रेस शॉपमध्ये काढली, भजनाला उत्तम तबला वाजवितात. एकदा आम्ही एक जुने मुद्रण लावले आणि त्यातल्या तंबोऱ्याची तारीफ करू लागलो. ते म्हणाले, “भाऊ, यात तंबोरा आहे?” सगळे क्षणभर गप्प झाले. पुढे त्यांची तपासणी करविली. पत्र्यावर घण पडावा तशा आवाजात वीस वर्षे उभे राहिल्यावर कान वरच्या पट्टीतले आधी सोडतो. सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास पहिले भोक पडते, असे डॉक्टर सांगतात. आणि तंबोऱ्याची जी झिलई, जवारीतून सुटणारी जी उपस्वरांची भुरभुर, तिचा मोठा भाग नेमका त्या वरच्या मजल्यावर असतो. कारखान्याने त्यांचा तंबोरा काढून घेतला होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने आवाजामुळे येणारा बहिरेपणा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातला होता, आणि नव्वद डेसिबलच्या वर आठ तास माणूस उभा करू नये हा नियमही जुनाच आहे. त्या कारखान्याचे नाव इथे नको. भरपाईचा अर्ज चालू आहे.

तेव्हापासून आम्ही मुद्रण ऐकताना प्रथम तंबोरा शोधतो. आणि काय सांगावे, पुष्कळ नव्या मुद्रणांत चांगल्या कानालाही तो सापडत नाही! पेटीतला विजेचा तंबोरा असतो, एका फेऱ्यात जसा तसा दुसऱ्या फेऱ्यात. तो वाईट नव्हे. एकट्याने रियाज करणाऱ्या गरीब विद्यार्थ्याचा तो मोठा आधार आहे. पण पारितोषिकाच्या मुद्रणात तो का असावा? मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा निवडून, वाळवून, तबली बसवून, जवारी काढणारी कारागिरांची घराणी तिथे आजही काम करतात. मानांकन द्यायचे आणि मुद्रणात पेटी लावायची, हे जुळत नाही. शिवाय तंबोऱ्यावर बसलेला शिष्य म्हणजे एक रोजगार आणि एक शिक्षण, दोन्ही गेले.

आता उमेदवारांकडे येऊ.

पहिला उमेदवार ‘ॲज वी स्पीक’, २०२३ चा. झाकिर हुसेन, बासरीवर राकेश चौरसिया, आणि बेला फ्लेक व एडगर मेयर हे दोन अमेरिकन, एक बँजोवर, दुसरे आपल्या भल्या मोठ्या कॉन्ट्राबासवर. ४ फेब्रुवारी २०२४ ला याला ग्रॅमी मिळाले. त्या रात्री झाकिरभाईंना तीन मिळाली, त्यांतले एक ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’बद्दल, शंकर महादेवन त्यात गातात. त्याच वर्षाच्या १५ डिसेंबरला झाकिरभाई गेले. हे शास्त्रीय का, असे कोणी विचारील. शुद्ध नव्हेच. ग्रॅमीवाल्यांनीही एक ‘समकालीन वाद्यसंगीता’च्या खणात टाकले आणि दुसरे ‘जागतिक’ खणात. त्यांच्या घरी ‘शास्त्रीय’ म्हणजे त्यांचे शास्त्रीय. १९६८ मध्ये रविशंकरांना मेन्युहिनबरोबरच्या मुद्रणासाठी जे ग्रॅमी मिळाले ते चेंबर म्युझिकच्या दाराने. तेव्हा निदान दार तरी शास्त्रीय होते. असो. ‘ॲज वी स्पीक’ला आम्ही यादीत घेतो ते एका कारणासाठी. त्यात साथीदार असा कोणी नाहीच. बासरी पुढे येते तेव्हा तबला मागे सरत नाही, बाजूला होतो, जागा देतो. तबला बोलू लागला की बँजो तेच करतो. आणि मुखपृष्ठावर चारही नावे आहेत. ज्या माणसाच्या बापाने, अल्लारखांनी, तबलजीला मंचावर बरोबरीची जागा मिळावी म्हणून हयात घालविली, त्याच्या अखेरच्या मुद्रणांपैकी हे एक. पण रागाचा सावकाश विस्तार हवा असेल तर तो इथे नाही. म्हणून पहिला क्रमांक नाही.

दुसरा ‘मी वसंतराव’. वसंतराव देशपांडे लष्करी हिशेब खात्यात कित्येक वर्षे कारकुनी करीत गायले, हे आमच्यासारख्या नोकरदार श्रोत्यांना विसरता येत नाही. नातवाने आजोबांचे गाणे गावे हे अवघड काम, कारण ऐकणारा सारखा तुलना करतो. राहुल देशपांडे यांनी नक्कल टाळली आहे. परंतु चित्रपटाचे गाणे ते चित्रपटाचेच. प्रसंग बदलला की गाणे तुटते. ध्वनीचे काम मात्र उत्कृष्ट आहे. वाड्यातले गाणे वाड्यातले वाटते, रंगमंचावरचे रंगमंचावरचे.

आमचे मत पडते ते तिसऱ्याला. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’, २०२० चा. व्हेनिसला त्याला पटकथेचे पारितोषिक मिळाले. आम्ही बोलतो आहो ते त्यातल्या गाण्याबद्दल. संगीताची बाजू अनीश प्रधानांची. शिष्याची भूमिका करणारे आदित्य मोडक गाणे शिकलेले गायक आहेत. गुरूची भूमिका करणारे अरुण द्रविड हे जयपूर घराण्याचे गवई, आणि पेशाने रसायन अभियंता. तारापूरच्या रसायनपट्ट्यातल्या मंडळींनी याची नोंद घ्यावी! या चित्रपटात कथाच मुद्रणाची आहे. ज्या थोर गायिकेने कधी ध्वनिमुद्रण होऊ दिले नाही तिची चोरून जपलेली भाषणे नायक रात्री मोटारसायकलवर ऐकत जातो. त्या भाषणांना आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. दिवसा तो विस्मृतीत गेलेल्या गवयांची जुनी मुद्रणे नव्या तबकड्यांवर उतरवून मैफलीच्या दाराशी विकतो. अल्लादिया खाँसाहेबांचे, भास्करबुवा बखल्यांचे एकही मुद्रण आपल्याजवळ नाही, त्या पोकळीवर हा चित्रपट उभा आहे. आणि त्यातल्या मैफली? तंबोरे मागे आहेत आणि ऐकू येतात. सभागृहाचा पोकळपणा पुसून काढलेला नाही. गाणे बेताचे झाले तर ते बेताचेच ऐकू येते. ते मागाहून दुरुस्त केलेले नाही असे वाटते. हे धैर्य आम्हांला मोठे वाटते, कारण हल्ली स्टुडिओत प्रत्येक स्वर यंत्रावर सरळ करून घेता येतो आणि मग सगळेच गवई एकसारखे सुरेल होतात. आमच्या त्या प्रेस शॉपमधल्या मित्रांना आम्ही हा चित्रपट कानाला यंत्र लावून दाखविला. तंबोरा त्यांना पुरता ऐकू आला नाहीच. पण ते म्हणाले की तबलजी गवयाकडे कसा बघतो ते बरोबर घेतले आहे.

कोणी म्हणेल, तीनांपैकी दोन चित्रपट, हे काय शास्त्रीय संगीत? आमचे उत्तर असे की ज्या मुद्रणाला निर्मात्याने नीट खर्च केला, वेळ दिला, ध्वनीच्या माणसाला बोलाविले, ती मुद्रणे आम्हांला चित्रपटांतच सापडली. निखळ रागदारीची मुद्रणे हल्ली बहुतेक मैफलीतून उचललेली असतात. गाणे अव्वल, मुद्रण दुय्यम. ही तक्रार गवयांबद्दल नाही. ज्यांनी पैसे घालावयाचे त्यांच्याबद्दल आहे.

आणि म्हणून चालकांपुढे एक सूचना ठेवतो. या व्याख्यानमालेने वर्षाला एक लहानसे पारितोषिक ठेवावे. रक्कम मोठी नको. आमची युनियन पहिल्या वर्षाची वर्गणी देईल, ठराव झाला आहे. जिल्ह्यात राहणाऱ्या कोणाही गायक-वादकाचे मुद्रण चालेल, रागदारीचे वा तारप्याचे. तारपाही भोपळ्याचाच आणि तंबोराही भोपळ्याचाच, तेव्हा पंक्तिभेद नको. अर्जात गाणाऱ्याचे, साथ करणाऱ्यांचे, तंबोऱ्यावर बसणाऱ्यांचे, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव असावे, आणि प्रत्येकाला काय दिले तोही आकडा असावा. मुद्रण एका तुकड्यात, न तोडता. परीक्षकांत एक तरी माणूस असा असावा की ज्याच्या घरी ते महागडे कर्णे नाहीत आणि जो पाळी सुटल्यावर ऐकतो. रक्कम सर्व नावांत वाटली जावी. कशी, ते त्यांनी आपसांत ठरवावे, आणि ठरले नाही तर आम्हांला बोलवावे, समझोत्याच्या वाटाघाटींची सवय आहे.

आता घड्याळ अध्यक्षमहाराजांकडे आहे आणि ते त्याकडे पाहत आहेत. ध्वनिक्षेपकावरच्या मित्राने केसरबाईंची ती साडेतीन मिनिटांची भैरवी तयार ठेवली आहे. दिवे थोडे कमी करावेत. तबला दुसऱ्याच क्षणापासून आहे, तिकडे कान ठेवा.